आप्पा शेवाळ्यांना राग येत नसे

ईशान, मीरा,

रविवारच्या फोनवर तुम्ही दोघांनी मिळून मला गोंधळात टाकलंत, आणि तो गोंधळ अजून गेलेला नाही. ईशान म्हणाला की तो शाळेच्या बास्केटबॉल संघात ऑफेन्सला खेळतो, आणि हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. मीरा म्हणाली की तिच्या कायद्याच्या वर्गात सध्या ऑफेन्सचे प्रकार चालू आहेत, आणि त्यात चोरीपासून खुनापर्यंत सगळं येतं. मी माझं मत सांगायला लागले तेव्हा ईशान म्हणाला, "नो ऑफेन्स, आजी, पण तुला यातलं कळत नाही."

फोन ठेवल्यावर मी कपाटातला जाड शब्दकोश काढला. अर्थ क्रमाने दिलेले होते, एकाखाली एक. मी ते सगळे वाचले, पुस्तक मिटलं, आणि मला नाशिकचे आप्पा शेवाळे आठवले.

आपल्याकडे कोर्टात असतो तो गुन्हा, मैदानावर असते ती चढाई. घरात जे होतं त्याला मात्र धड नाव नाही. घरात नुसतं तोंड फिरवतात. आप्पांना पहिल्या दोन गोष्टी जितक्या स्वच्छ कळत, तितकीच ही तिसरी कळत नसे. त्यापायी त्यांची सख्खी बहीण त्यांना दुरावायची वेळ आली होती. ती हकीकत मी सांगणार आहे. पण आधी माणूस सांगते, म्हणजे हकीकत कळेल.

सत्तरच्या दशकात आम्ही नाशिकला शरणपूर रोडच्या एका गल्लीत राहत होतो. आमचं आणि शेवाळ्यांचं अंगण एकच होतं, मध्ये एक पेरूचं झाड. झाड कोणाचं हे कधी ठरलं नव्हतं. आप्पा फौजदारी कोर्टात बेंच क्लार्क होते. न्यायाधीश वर बसतात, त्यांच्या पायथ्याशी एक टेबल असतं, त्यावर फायलींचे ढीग, आणि ढिगांमागे जो माणूस दिसतो न दिसतो, तो बेंच क्लार्क. कोर्ट सीबीएससमोर, म्हणजे एसटी स्टँडसमोर. आप्पा सायकलने जात. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ते कबड्डीचे पंच असत. शर्टाच्या खिशात लाल-निळी पेन्सिल आणि शिट्टी शेजारी शेजारी. एकदा साहेबांनी हात पुढे केला तेव्हा आपण पेन्सिलीऐवजी शिट्टी दिली, असं ते स्वतःच सांगत, आणि पुढे म्हणत, "साहेबांनी वाजवली नाही, हे त्यांचं मोठेपण."

अंगाने सडसडीत, डाव्या खांद्याने जरासे झुकलेले. आमच्याकडे आले तरी खोलीच्या मध्ये कधी बसत नसत. भिंतीला धरून बसत, आणि बोलणाऱ्या दोघांकडे आळीपाळीने बघत. मध्ये बसलं की दोन्ही बाजू दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

कोणी कोणाबद्दल कुरकुर करायला लागलं की ते शांतपणे विचारत, "कलम कुठलं?"

दूधवाल्याने पाणी घातलं, याला कलम होतं. कोणी दाराशी राख टाकली, याला ओढूनताणून निघत होतं. पण जाऊबाईंनी रस्त्यात बघून न बघितल्यासारखं केलं, याला काही म्हणजे काहीच नव्हतं. "तक्रार आहे का? नाही? मग पुढं चला," आप्पा म्हणत, आणि त्यांना खरोखर वाटे की विषय संपला.

यात कुचेष्टा नव्हती, हे लक्षात घ्या. त्यांना कायद्यातली एक गोष्ट फार आवडत असे: शिक्षेआधी माणसाला आरोप वाचून दाखवतात. एकदा पेठच्या बाजूचा एक डोंगरातला माणूस कोर्टात उभा होता. त्याला शहरातली भाषा नीट कळत नव्हती आणि जे विचारलं जाईल त्याला तो "हो" म्हणत होता. आप्पांनी खालून साहेबांना चिठ्ठी सरकवली, आणि बाहेर व्हरांड्यातून त्याच्या भागातला एक जण शोधून आणला. त्याने आरोप समजावल्यावर तो माणूस म्हणाला, "हे तर मी केलंच नाही." आप्पा घरी येऊन किती वेळ तेच सांगत होते. "वहिनी, ज्याला आपण काय केलं हे ठाऊक नाही, त्याला शिक्षा करून उपयोग काय?"

मैदानावरही त्यांचं असंच. देवळाली कॅम्पला एक सामना होता, तोफखान्याचे जवान एका बाजूला आणि पंचवटीचं एक मंडळ दुसऱ्या बाजूला. शेवटच्या मिनिटांत पंचवटीच्या चढाई करणाऱ्या गड्याचा पाय रेषेबाहेर गेला. आप्पांनी शिट्टी मारून बाद दिला. सामना गेला. तो गडी धावत आला आणि त्याने आप्पांची गळपट्टी धरली. शर्टाचं बटण तुटलं. मंडळाने त्याला वर्षभर खेळायला बंदी केली.

पुढच्याच आठवड्यात तोच गडी कसल्याशा मारामारीत कोर्टात उभा राहिला. खाली टेबलामागे आप्पा दिसल्यावर त्याचा चेहरा उतरला. आप्पांनी त्याची फाईल तिच्या क्रमाने घेतली, ना वर ना खाली. काम झाल्यावर तो व्हरांड्यात थांबला होता.

"पंचसाहेब, तुम्ही राग धरला नाही?"

"कशाचा?"

"मी गळपट्टी धरली होती तुमची."

"त्याची शिक्षा झाली ना तुला? मग एकाच गोष्टीची दोनदा कशी देणार?"

"नाही, पण चार शिव्या तरी द्यायच्या होत्या."

"त्यानं काय होईल?"

गडी पायऱ्या उतरून निघून गेला. त्यानंतर तो आप्पांना टाळायला लागला. आप्पा मला म्हणाले, "याचं काय बिनसलं कळत नाही. चहाला बोलावलं तरी येत नाही." खरं सांगायचं तर मलाही तेव्हा कळलं नाही. शिव्या खाल्ल्या असत्या तर तो सुखाने चहाला आला असता, हे आता वाटतं.

माझ्या सासूबाई म्हणजे तुमच्या पणजी. त्यांना सगळे माई म्हणत. माईंचं आणि गल्लीतल्या पेठेबाईंचं एका संक्रांतीला बोलणं बंद झालं. कारण पेठेबाईंनी तिळगूळ स्वतः न आणता नातवाबरोबर पाठवला. आप्पांना हे समजल्यावर त्यांनी रीतसर मध्यस्थी केली. पेठेबाईंना आमच्या ओसरीवर बसवलं, माईंना समोर, आणि स्वतः भिंतीला.

"माई, तुमची तक्रार काय?"

"माझी? माझी काही तक्रार नाही," माई म्हणाल्या.

"पेठेबाई, तुमची?"

"माझं काय असणार? मी कोण?"

"झालं तर," आप्पा उठले. "दोन्ही पक्षांची तक्रार नाही. प्रकरण निकाली." आणि समाधानाने मैदानावर गेले. तो अबोला पुढे कैक संक्रांती टिकला.

आता हकीकतीकडे येते.

आप्पांची धाकटी बहीण सुमन सटाण्याकडे देवऱ्यांच्या घरात दिली होती. मोठं घर, शेती, एकत्र कुटुंब. कारभार तिच्या थोरल्या दिरांकडे. सुमनचे यजमान वसंतराव हसतमुख आणि गरीब स्वभावाचे. घरात त्यांचं फार चालत नसे. आप्पांना आईवडील नव्हते. सुमनला माहेर म्हणजे आप्पा आणि त्यांची बायको कमलवहिनी, एवढंच. ती नाशिकला आली की अंगणात तिचा आवाज आधी येई. "आप्पा, पेरू काढून ठेवलेस का नाही?" दोघं मग आपल्या बोलीत, अहिराणीत, इतक्या भरभर बोलत की मला निम्मं कळत नसे.

सुमनच्या मोठ्या मुलाचं लग्न गावी झालं. आप्पा मामा, म्हणजे मानाचे. त्या भागात रीत अशी की लग्नात मांडवात लाऊडस्पीकरवरून मानकऱ्यांची नावं पुकारतात, आणि प्रत्येकाला पुढे बोलावून टॉवेल-टोपी आणि नारळ देतात. सरपंचांचं नाव झालं, सोसायटीच्या चेअरमनचं झालं, हेडमास्तरांचं झालं, पाहुण्यांची जीप चालवत आला त्याचंही झालं. मामाचं नाव आलंच नाही. पुष्कळ मागाहून कोणी म्हणालं चुकून राहिलं, कोणी म्हणालं थोरल्या देवऱ्यांनी मुद्दाम गाळलं. आप्पा पंगतीला बसले, पोटभर जेवले, वाढणाऱ्याला बुंदी चांगली झाली म्हणून सांगितलं, आणि दुपारच्या एसटीने नांदगावला गेले. तिथे त्यांचा सामना होता. कमलवहिनींना त्या वेळी गुडघ्यामुळे जाता आलं नव्हतं. आप्पांनी घरी येऊन त्यांना सगळं वर्णन केलं, बुंदीसुद्धा. टोपीचं मात्र सांगितलं नाही. लपवलं नाही, सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही.

त्यानंतर सुमनचं येणं थांबलं.

भाऊबिजेला ती आली नाही, तेव्हा आप्पा स्वतः गेले. तिने पाट मांडला, ओवाळलं, ताट वाढलं. पण नजर वर केली नाही आणि एक शब्द बोलली नाही. आप्पा परतले ते थेट आमच्या ओसरीवर आले, आणि प्रथमच भिंत सोडून मध्ये बसले.

"वहिनी, ती माझ्याशी बोलत नाही."

"का?"

"तेच तर कोणी सांगत नाही. मी विचारलं, सुमे, माझं काय चुकलं? तर म्हणाली, माझी काही तक्रार नाही."

आत माई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात जरा थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

मग आप्पांनी स्वतःच आपल्यावर आरोप शोधायला घेतले. हे काम त्यांनी फार मन लावून केलं. पहिला आरोप सायकलीचा. एका हिवाळ्यात वसंतराव नाशिकला आले असताना, रात्री दिव्यावाचून सायकल चालवली म्हणून पोलिसांनी त्यांना धरलं होतं, आणि ते नेमके आप्पांच्याच कोर्टात उभे राहिले. पुकारणारा शिपाई जागेवर नव्हता, म्हणून आप्पांनी स्वतः व्हरांड्यात जाऊन पुकारा केला. कोर्टातला पुकारा तो, "वसंत तुकाराम देवरे हाजिर हो." बहिणीच्या नवऱ्याचं नाव, राव न लावता, चार लोकांत. हेच असणार असं आप्पांना वाटलं. ते वसंतरावांना जाऊन भेटले. वसंतराव हसले. "आप्पा, तो किस्सा मी गावभर सांगतो. आमच्या पोरांना मी तसंच हाजिर हो म्हणून जेवायला बोलावतो."

दुसरा आरोप भाच्याला एका सामन्यात बाद दिल्याचा. भाचा म्हणाला, "मामा, मी बादच होतो." तिसरा, दिवाळीच्या साडीचा रंग. कमलवहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, साडीवरून कोणी भाऊ टाकतं का?"

"मग कशावरून टाकतं?"

 कमलवहिनींना वाटे, सुमनच्या मनात आपल्याबद्दलच काही असेल. म्हणून त्याही आतून घाबरलेल्या. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, गल्लीत लोक मला सल्ला विचारत; मीही काही सांगू शकले नाही. आप्पा वाळत चालले. शिट्टी वाजवताना चुकायला लागले, असं कोणी म्हणालं. पेरूच्या दिवसांत ते पेरू काढून टोपलीत ठेवत आणि टोपली तशीच वाळे.

"शिक्षा चालू आहे," ते म्हणत, "आणि आरोप अजून वाचलेला नाही. असं कुठल्या कोर्टात होतं, सांगा."

अशी काही वर्षं गेली. मग सुमनच्या मुलीचं, शोभाचं लग्न ठरलं. मुलाकडचे नाशिकचे, म्हणून कार्यालय नाशिकातलंच घेतलं होतं. सायकलवरून दहा मिनिटांचा रस्ता. आणि एका दुपारी पोस्टमन पत्रिका टाकून गेला.

कमलवहिनी ती पत्रिका चिमटीत धरून आमच्याकडे आल्या. "बघा. मामाला पत्रिका पोस्टाने. अक्षत घेऊन कोणी आलं नाही. गावातल्या दुकानदाराला पाठवावी तशी."

मागून आप्पा आले. त्यांचा चेहरा उजळला होता. "पत्ता बरोबर घातलाय. म्हणजे बोलावलंय. आपण सकाळी लवकर जाऊ."

"तू जाणार?" आतून आवाज आला. माई बाहेर आल्या आणि आप्पांसमोर बसल्या. "अरे आप्पा, मी इतकी वर्षं गप्प बसले. म्हटलं, दुसऱ्याच्या घरातलं. पण आता मला एक सांग. सुमनच्या मुलाच्या लग्नात तुला टोपी दिली होती का?"

आप्पांना आठवावं लागलं. "नाही बहुतेक. माझं नाव राहिलं. मी टोपी घालतच नाही, माई."

कमलवहिनी मटकन खाली बसल्या.

"आणि तू काय केलंस?" माईंनी विचारलं.

"जेवलो."

"जेवलास. मांडवातून उठला नाहीस, हात धुतले नाहीस, एक शब्द बोलला नाहीस?"

"मला राग आला नाही, माई. खरंच नाही आला. त्यात रागावण्यासारखं काय होतं?"

"तुला नसेल आला. पण तिला त्या घरात राहायचंय. तुझी टोपी म्हणजे तिची टोपी. तू रुसला असतास, तर देवरे तुझ्या मागे आले असते, समजूत काढली असती. मग पुन्हा कोणाची छाती झाली नसती तिच्या माहेराला कमी लेखायची. तू बुंदी खाऊन गेलास. आता सासरचे तिला काय म्हणत असतील? हिच्या माहेरच्यांना मान दिला काय आणि नाही दिला काय, सारखंच."

आप्पांनी ते मनाशी जुळवून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी माझा अपमान केला, आणि गुन्हा माझा झाला?"

"तो तुझा तू ठरव. मला कोर्टातलं कळत नाही."

"फिर्याद मी करायला हवी होती?"

"तोंडाने नाही. तोंडाने करतो तो भांडखोर. नुसतं जेवायचं नाही."

मला वाटतं, आप्पांच्या साऱ्या आयुष्यात इतकी अवघड गोष्ट त्यांना कोणी समजावली नव्हती. त्यांनी ती पुन्हा पुन्हा विचारली, क्रम बदलून. मग माईंनी पत्रिका हातात घेतली आणि म्हणाल्या, "ही पोस्टाने आलीय ती चुकून नव्हे. ती तुला रागवायला पुन्हा एक जागा करून देतेय. जाऊ नकोस. तयार होऊन घरात बस."

"आणि कोणी न्यायला आलं नाही तर?"

"तर नाही."

"शोभाला मांडवात आणायला मामा लागतो. मी नसलो तर दुसरा कोणी तरी उभा करतील. मग सुमीचं आणि माझं संपलं."

"संपलं," माई म्हणाल्या.

"आणि तुमचा अंदाज चुकला असेल तर? तिने खरंच टाकायचं म्हणून पाठवली असेल तर?"

माईंनी पत्रिकेची घडी घालून ती परत दिली. मला आजही सांगता येणार नाही की त्यांना खात्री होती की त्या नुसत्या स्वतःच्या स्वभावावरून बोलत होत्या. त्यांनी पेठेबाईंची अशीच वाट पाहिली होती, आणि पेठेबाई आल्या नव्हत्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी आप्पांनी दोनदा बेत बदलला. एकदा सायकल बाहेर काढली, एकदा परत आत ठेवली. कमलवहिनींना म्हणाले, "मी जातो आणि तिथं जाऊन रागावतो." वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला तिथं जमणार नाही. कोणी सरबत दिलं की तुम्ही पिणार."

लग्न सकाळचं होतं. आप्पा नाहून, पांढरा शर्ट आणि ठेवणीतला कोट घालून आपल्या ओसरीवर लाकडी खुर्चीत बसले. शेजारी स्टुलावर मामाने नवरीला द्यायची पिवळी साडी, खोक्यात. वहिनी आत-बाहेर करत होत्या. माईंनी आपली खुर्ची पेरूखाली घ्यायला लावली, तिथून सगळं दिसत होतं. मी मुलांना शाळेत पाठवून कणीक मळायचं सोडून खिडकीत उभी होते.

"चेहरा असा नको," माई अंगणातून म्हणाल्या. "वाट बघितल्यासारखा दिसतोय."

"मग कसा?"

"जरा घट्ट कर."

आप्पांनी चेहरा घट्ट केला. दाढ दुखत असल्यासारखा दिसायला लागला. मुहूर्ताची वेळ जवळ येत होती. गल्लीतून एक रिक्षा गेली, दुसरी गेली. आप्पांची मान प्रत्येक वेळी वळे आणि परत येई. मग ते हळूच म्हणाले, "कमल, आता निघालो तरी पोचतो मी," आणि त्यांचा आवाज मला ऐकवेना. वहिनींनी दाराच्या चौकटीला पाठ टेकली आणि डोळ्यांना पदर लावला.

आणि तिसरी रिक्षा अंगणाच्या फाटकाशी थांबली.

आधी सुमन उतरली. मांडवातून तशीच आलेली, हिरवा शालू, हळदीने माखलेले हात, नाकात नथ. मागून फेटा सावरत तिचे थोरले दीर. त्यांच्या हातात पिशवी. सुमनला बघताच आप्पांचा चेहरा सैल झाला आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. इतक्या वर्षांनी ती त्यांच्याकडे डोळे वर करून बघत होती. पण त्या डोळ्यांत जे होतं ते मला खिडकीतून स्पष्ट दिसलं. ती त्यांना डोळ्यांनी सांगत होती, बस.

आप्पा बसले.

"पाहिलंत?" सुमन दिरांकडे वळून मोठ्याने म्हणाली. गल्लीतल्या चार खिडक्या उघडल्या. "मी म्हटलं नव्हतं? माझा भाऊ मानाचा आहे. पोस्टातल्या कागदावर यायचा नाही. असा तसा उठायचाही नाही."

थोरल्या देवऱ्यांनी घसा साफ केला. "आप्पा, मांडव खोळंबना शे. चाला."

आप्पा काही बोलले नाहीत. मला वाटतं, काय बोलायचं ते त्यांना सुचलं नव्हतं. पण ते शोभून दिसलं.

"त्या वेळी पोरांकडून नाव राहून गेलं," थोरले देवरे म्हणाले. "मोठ्या घरात होतं असं. मामाबिगर कठे लगीन लागस का?"

"बसू द्या त्यांना," सुमन म्हणाली. "लग्न नाही लागलं तर नाही. माझ्या माहेरच्या माणसाला मी ओढून नेणार नाही." आणि हे म्हणताना ती सारखी नथ सावरत होती. मुहूर्त टळला असता तर तिकडे मांडवात तिचीच मुलगी उभी होती.

मग थोरल्या देवऱ्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, नारळ काढला, पांढरी टोपी काढली. पायऱ्या चढून गेले आणि टॉवेल आप्पांच्या खांद्यावर टाकला, टोपी आपल्या हाताने त्यांच्या डोक्यावर ठेवली. टोपी जरा मोठी होती, कानांपर्यंत आली. "आते उठा, आप्पा," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज खाली होता.

आप्पांनी सुमनकडे पाहिलं. सुमनने पापण्या मिटून उघडल्या. तेव्हा ते उठले.

कमलवहिनींनी साडीचं खोकं त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः रिक्षावाल्याशेजारी चढल्या. मागे मधोमध आप्पा, एका बाजूला सुमन, दुसऱ्या बाजूला थोरले देवरे. सुमनने आप्पांच्या कोटाची बाही घट्ट धरली होती. ती रडत होती, हसत होती, आणि अहिराणीत सलग काहीतरी सांगत होती, कदाचित सगळ्या वर्षांचं एकदम. आप्पांना त्यानंतरही मी खूपदा पाहिलं असणार, शेजारीच राहत होतो आम्ही. पण माझ्या मनात ते असेच राहिले आहेत: मांडीवर साडीचं खोकं, कानांपर्यंत टोपी, आणि चेहरा तसाच घट्ट, दाढ दुखत असल्यासारखा. राग कधी सोडायचा, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.